इअरफोन घेताना कानाचे माप घ्या

गेल्या महिन्यात या सदराच्या पत्त्यावर एका वाचक भगिनींचे पत्र आले. मुलगा स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, दिवसभर मोबाइलवर व्याख्याने ऐकतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी इअरफोन मोडून ठेवतो, असे त्यांनी लिहिले होते. शेवटी विचारले होते, ‘आमच्या ऐपतीत बसणारा आणि कानाला त्रास न देणारा इअरफोन कोणता, ते एकदा सांगाल का?’ हा प्रश्न कान-नाक-घशाच्या डॉक्टरला विचारावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. लोक दुकानदाराला विचारतात आणि दुकानदार ‘साहेब, नुसता बास ऐका याचा’ म्हणतो. पत्र वाचून मला बरे वाटले. थोडी लाजही वाटली, कारण नीट उत्तर मलाच देता येत नव्हते. ‘आवाज कमी ठेवा’ यापलीकडे मी आजवर रुग्णांना काही सांगितले नव्हते.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात २२ वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर दवाखान्यात आला. चार-पाच महिन्यांपासून रात्री अंथरुणावर पडले, की त्याच्या कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येत होता. वडिलांची तक्रार निराळीच होती. ‘डॉक्टरसाहेब, हाक मारली तर ओ देतो, पण साठ रुपये आण म्हटले तर आठ म्हणालात का, असे विचारतो. मुद्दाम करतो की काय, कळत नाही.’ घरात या ‘मुद्दाम’वरून बरीच वादावादी झाली असावी, असे दोघांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते.

मुलाची श्रवणचाचणी केली. खर्ज आणि मधल्या पट्टीतले स्वर त्याला उत्तम ऐकू येत होते. मात्र ४००० हर्ट्झच्या आसपास आलेखाची रेघ दोन्ही कानांत एकदम खाली गेली होती आणि ८००० ला पुन्हा वर आली होती. आमच्या व्यवसायात हा खड्डा फार ओळखीचा आहे. कारखान्यात घणाखाली काम करणाऱ्यांच्या आणि बंदूक चालवणाऱ्यांच्या आलेखात तो दिसतो. मोठ्या आवाजाने कानाचे नुकसान होते तेव्हा ते बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या या पट्ट्यात सुरू होते. ‘स’, ‘श’, ‘च’ यांसारख्या व्यंजनांची धार नेमकी याच बाजूला असते. त्यामुळे हाक ऐकू येते, पण शब्दातला ‘स’ गळून पडतो आणि ‘साठ’चा ‘आठ’ होतो. मुलगा मुद्दाम काही करत नव्हता. वडिलांना हे समजावून सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

मी मुलाला खिशातला इअरफोन काढायला सांगितले. वायरचा, नळीवर रबरी टोपी बसवलेला, साधा. डाव्या बाजूची टोपी केव्हाच हरवली होती. उजव्या बाजूची होती, पण त्याच्या कानाला मोठी. ती कानात न शिरता दारातच अडकत असे. त्याची अभ्यासिका रस्त्याकडेला, खोलीत दोन मोठे पंखे. ‘सरांचा आवाज पत्र्यासारखा यायचा, बास लागायचाच नाही, म्हणून फुल ठेवायचो,’ असे तो म्हणाला. दिवसाचे सात-आठ तास, आठवड्याचे सहा दिवस. दुखण्याचे मूळ या एका वाक्यात आहे.

आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि किंचित वळणदार असते. बाहेरचा तिसरा भाग कुर्च्याचा म्हणून थोडा लवचीक आणि आतला भाग हाडाचा. नळीच्या टोकाला पडदा. रबरी टोपी नळीच्या तोंडाशी घट्ट बसली, की टोपी आणि पडदा यांच्यामध्ये हवेची एक छोटीशी बंद कोठडी तयार होते. इअरफोनमधला इवलासा पडदा या कोठडीतल्या हवेला रेटतो आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. खर्जाचे स्वर नीट पोहोचायचे असतील तर ही कोठडी बंदच हवी. टोपीच्या कडेने केसाएवढी फट राहिली तरी खर्ज तिथून निसटून जातो, उंच स्वर मात्र फारसे अडत नाहीत. डग्ग्याची पुडी फाटली, की घुमारा जातो आणि नुसता टकटकाट उरतो, तसाच हा प्रकार.

आता ऐकणारा काय करतो? घुमारा येत नाही म्हणून आवाज वाढवतो. खर्ज फटीतून निसटतच राहतो आणि वाढतो तो उंच पट्टीचा आवाज, म्हणजे कानाला जिथे जास्त इजा होते तोच भाग. त्यात फटीतून पंख्याचा, रस्त्याचा गोंगाट आत शिरतो, त्याच्यावर मात करायला आवाज आणखी वाढतो. डग्गा ऐकू यावा म्हणून माणूस कानावर झांज वाजवून घेत राहतो. माझ्या रुग्णाचे तेच झाले होते. त्याच्याकडे चांगला इअरफोन नव्हता, यापेक्षा त्याच्या कानात बसणारा इअरफोन नव्हता, हे मला महत्त्वाचे वाटते.

कानात घट्ट बसणाऱ्या इअरफोनची कल्पना मुळात आमच्याच क्षेत्रातून आली. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला तेव्हा त्याच्याबरोबर कानावर टेकणारे, स्पंजची गादी असलेले हेडफोन मिळत. बाहेरचा सगळा गोंगाट त्यातून आत येई. अमेरिकेतील मीड किलियन हे श्रवणयंत्रांवर काम करणारे संशोधक. त्यांच्या एटिमोटिक रिसर्च या कंपनीने १९९१ मध्ये ‘ईआर-४’ नावाचा, नळीत खोल बसणारा इअरफोन बाजारात आणला. बाहेरचा आवाज आधी अडवायचा, म्हणजे आतला आवाज हळू ठेवून चालते, हा त्यामागचा विचार. आज शे-दीडशे रुपयांच्या इअरफोनलाही रबरी टोपी असते ती या घराण्यातली, पण ती कशासाठी आहे हे खोक्यावर कुठेही लिहिलेले नसते.

पत्राला उत्तर द्यायचे तर स्वतः पाहावे म्हणून मी बाजारपेठेतून चार इअरफोन आणले. सगळ्यांत स्वस्त १५० रुपयांचा, सगळ्यांत महाग १४०० चा. दुकानदाराला वाटले डॉक्टरांनी दुकान टाकले. नावे येथे देत नाही, कारण स्वस्त मालाच्या या बाजारात एकच वस्तू सहा महिन्यांत तीन नावांनी विकली जाते. माझ्या कानाला बसले ते तुमच्या कानाला बसेल, याचीही हमी नाही. ऐकण्यासाठी दोनच गोष्टी घेतल्या. एक अभंगाचे ध्वनिमुद्रण, ज्यात तंबोरा, पखवाज आणि टाळ तिन्ही आहेत, आणि दुसरे आकाशवाणीचे बातमीपत्र. पखवाजावरून खर्ज कळतो, टाळांवरून उंच पट्टी कळते आणि बातम्यांवरून माणसाचा आवाज माणसासारखा येतो की नाही ते कळते.

एक कबुली आधीच देतो. वैद्यकीय महाविद्यालयात असताना मी वॉकमनवर, एस. टी. च्या खिडकीशी बसून, इंजिनाच्या वर आवाज चढवून तासन्‌तास गाणी ऐकली आहेत. माझ्या स्वतःच्या आलेखात ४००० ला खड्डा आहे आणि वयाने त्यात भर घातली आहे. म्हणजे टाळांबद्दल माझे मत धरण्यालायक नाही. म्हणून १७ वर्षांच्या पुतणीला सोबत घेतले. बरे झाले घेतले, कारण एके ठिकाणी मला ‘वा, काय स्वच्छ’ वाटले तिथेच तिने तोंड वाकडे करून इअरफोन काढला. ‘काका, हे टोचतंय!’ माझा कान जी पट्टी गमावून बसला आहे ती तिला चांगलीच झोंबत होती. घरातल्या वडीलधाऱ्यांनी मुलांचा इअरफोन कानाला लावून ‘ठीक आहे की’ असा निर्वाळा देऊ नये, असे मला त्या दिवसापासून वाटते.

पहिला, १५० रुपयांचा, बिनरबराचा. चपट्या बटणासारखा कानाच्या पाळीत अडकवायचा. खर्ज जवळजवळ नाहीच, पखवाज म्हणजे कोणी पुठ्ठ्यावर बोटे वाजवावीत तसा. बातम्या मात्र अगदी स्पष्ट. शांत खोलीत, थोडा वेळ, माणसाचे बोलणे ऐकायला तो वाईट नाही. नळी उघडी राहते, घाम साचत नाही, दाराची घंटा ऐकू येते. खिडकी उघडून रस्त्याकडे बसलो आणि खेळ बिघडला. माझ्या मोबाइलवर आवाजाच्या १५ पायऱ्या आहेत. खोलीत सातवर ऐकत होतो, खिडकीशी बोट आपोआप बारावर गेले. बोट कधी हलले ते मला कळलेही नाही, हे सगळ्यांत भयंकर.

दुसरा ३५० चा, खोक्यावर मोठ्या अक्षरांत बासची जाहिरात आणि लहान, मध्यम, मोठ्या टोप्यांच्या तीन जोड्या. कारखान्यातून मध्यम टोपी चढवून येतो आणि बहुतेक लोक ती कधीच बदलत नाहीत. बाकीच्या दोन जोड्या खोक्यासकट कचऱ्यात जातात. मध्यम टोपीने माझ्या उजव्या कानात छान घुमत होते, डाव्यात पोकळ. डाव्याला लहान टोपी लावून पाहिली आणि आवाज दोन्हीकडे सारखा झाला. माणसाचे दोन्ही कान अगदी एका मापाचे असतातच असे नाही, हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो, पण स्वतःच्या कानावर आज पहिल्यांदा पडताळले. आणि पाहा, आधी आठव्या पायरीवर जे मिळत होते ते आता पाचव्यावर मिळू लागले. एक रुपया न खर्चता. या इअरफोनचा दोष असा, की त्याचा खर्ज मुळातच फुगवलेला. पखवाज गायकाच्या अंगावर बसतो, बातम्या देणारा मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. व्याख्याने ऐकणाऱ्या मुलाला शब्द कळण्यासाठी पुन्हा आवाज वाढवावा लागेल. दुकानदार ज्याचे कौतुक करतो तो हा बास.

तिसरा ७५० चा. हा पुतणीच्या सांगण्यावरून घेतला. गवयी-वादक मंचावर वापरतात त्या घाटाचा. वायर कानाच्या मागून, चष्म्याच्या दांडीसारखी वळवून घ्यायची आणि नळी थोडी तिरपी. दोन्ही गोष्टींना अर्थ आहे. कानाची नळी सरळ नसते, किंचित पुढे वळते. तिरपी नळी त्या वळणाबरोबर जाते आणि टोपी चपखल बसते. वायर कानामागून गेल्याने तिचे वजन नळीवर येत नाही, शिवाय शर्टाला घासून होणारी खरखरही बरीच कमी होते. तंबोऱ्याची जवारी वेगळी कळली, टाळ पुतणीला टोचले नाहीत, बातम्या स्वच्छ. मला चौघांत हाच आवडला. पण सौभाग्यवतींच्या कानाची पाळी लहान. अर्ध्या तासात त्यांना कवच रुतू लागले आणि त्यांनी तो परत केला. तेव्हा माझ्या पसंतीला काय किंमत द्यायची ते वाचकांनी ठरवावे.

चौथा बिनवायरचा, १४०० चा, गोंगाट रद्द करण्याची सोय असलेला. इंजिनाची किंवा पंख्याची एकसुरी घरघर तो खरोखर दाबतो. बाहेरचा आवाज टिपून त्याच्या उलटी लहर आत सोडायची, अशी त्याची रीत आहे. भोंगा, माणसांचे बोलणे, भांड्याचा खणखणाट यांच्यापुढे तिची फारशी मात्रा चालत नाही. तिथे टोपी घट्ट बसणे हाच उपाय. टोपी सैल असेल तर ही महागडी सोयही लुळी पडते. आवाज तिसऱ्यापेक्षा उजवा नव्हता. पैसे वायर नसण्याचे आणि बॅटरीचे. माझ्या डाव्या कानातून तो जेवताना पडला, आमटीत पडता पडता वाचला.

या चाचणीत एक कच्चा दुवा आहे, तोही सांगतो. पायऱ्यांची तुलना एकाच इअरफोनच्या दोन टोप्यांत करता येते, दोन वेगळ्या इअरफोनांत नाही. प्रत्येकाची संवेदनशीलता निराळी असते. खोक्यावर एखाद्यावर ९५ डेसिबल, दुसऱ्यावर १०५ डेसिबल असे छापलेले असते. तितक्याच विजेवर दुसरा १० डेसिबलने मोठा वाजतो. म्हणून ‘निम्म्या आवाजावर ठेवतो, काळजी नको’ हे म्हणणे फसवे आहे. निम्मे कशाचे, ते इअरफोनवर अवलंबून. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ हा आकडा तर सगळ्याच खोक्यांवर असतो, त्यावरून काहीही कळत नाही.

आता घरच्या घरी बसण्याची परीक्षा कशी करायची ते पाहू. इअरफोन घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा. त्याने नळी सरळ होते आणि टोपी नीट आत जाते. नुसते दाबून कोंबू नका. मग तंबोऱ्याचा किंवा कोणताही अखंड खर्जाचा स्वर हळू आवाजात लावा आणि कानातला इअरफोन बोटाने अलगद दाबा. दाबल्यावर खर्ज एकदम वाढला, तर टोपी लहान आहे किंवा वाकडी बसली आहे. दाबून काहीच फरक पडला नाही, तर माप बरोबर. दुसरी परीक्षा तोंड मिटून गुणगुणण्याची. दोन्ही कान बंद झाले असतील तर स्वतःचा आवाज माठात बोलल्यासारखा घुमतो, दोन्हीकडे सारखा. एकाच बाजूला घुमला, तर दुसरीकडे फट आहे. मग जबडा हलवून पाहा. आपण बोलतो-चावतो तेव्हा नळीचा कुर्च्याचा भाग हलतो आणि खोलीत बसून घट्ट वाटलेली टोपी बोलता बोलता सैल होते.

मोठी टोपी म्हणजे जास्त घट्ट, असा समज आहे तो चुकीचा. मोठी टोपी तोंडाशीच दुमडते आणि दुमडीतून फट राहते, माझ्या रुग्णाच्या उजव्या कानात झाले तसे. अर्ध्या तासाने नळीच्या तोंडाशी ठणकू लागले तर टोपी मोठी आहे. रबराने खाज येत असेल, किंवा कोणतेच माप बसत नसेल, तर स्पंजासारख्या फोमच्या टोप्या वेगळ्या मिळतात. त्या चिमटीत दाबून बारीक करायच्या, घालायच्या आणि त्या फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवायच्या. बसतात उत्तम, पण मळतात लवकर आणि धुऊन फार टिकत नाहीत.

नीट बसलेली टोपी बाहेरचा आवाज साधारण १५ ते २० डेसिबलने कमी करते, उंच पट्टीत जास्त, घरघरीत कमी. गोंगाटाच्या एस. टी. मध्ये याचा अर्थ फार मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने ८० डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावे, मुलांसाठी हीच मर्यादा ७५ डेसिबलची. आवाज ३ डेसिबलने वाढला, की त्यातली ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच तास. हे सारे आठवड्याचे, दिवसाचे नव्हे. आपल्या कानाला मात्र ३ डेसिबलची वाढ ‘किंचित मोठा झाला’ एवढीच जाणवते. मोबाइलच्या एक-दोन पायऱ्यांत माणूस आठवड्याचा हिशेब निम्म्यावर आणतो आणि त्याला पत्ता लागत नाही.

डेसिबल मोजायला घरी यंत्र नसते. काही मोबाइलमध्ये ऐकलेल्या आवाजाची नोंद ठेवण्याची आणि वरची मर्यादा बांधून ठेवण्याची सोय असते, ती शोधून सुरू करावी. ती नसेल तर माझी युक्ती अशी. रात्री घर शांत असताना, शब्द आरामात कळतील इतकाच आवाज ठेवा आणि ती पायरी लक्षात ठेवा. दिवसा, बाहेर, त्याच्या वर एखाद्या पायरीपलीकडे जावे लागत असेल तर टोपी बदला, जागा बदला, नाहीतर ऐकणे पुढे ढकला.

मातापित्यांची एक खूण आता निरुपयोगी झाली आहे. ‘शेजारी बसून मला त्याचे गाणे ऐकू येते, म्हणजे फार मोठे लावले आहे’ हे बटणासारख्या इअरफोनला लागू होते. टोपी घट्ट बसली, की आतला आवाज बाहेर येत नाही. मुलगा शेजारी शांत बसलेला दिसतो आणि त्याच्या कानात काय चालले आहे ते तुम्हाला कळायला मार्ग नाही. तेव्हा अधूनमधून मोबाइलची पायरीच पाहावी. आणि कान असे बंद करून रस्त्यावर चालू नये, दुचाकी चालवू नये, रेल्वेचे रूळ ओलांडू नयेत; आपल्याकडे भोंगा हीच वाहतुकीची भाषा आहे.

बंद नळीचे दुखणे वेगळे असते तेही सांगायला हवे. कानातला मळ आपोआप बाहेर सरकत असतो. रोज तासन्‌तास टोपी घालणाऱ्यांत तो आत ढकलला जातो आणि दाटतो. पावसाळ्यात ओलसर, उबदार, बंद नळीत बुरशी धरते. जुलै-ऑगस्टमध्ये खाजणारे, ठणकणारे, भिजलेल्या कागदासारखा पांढरा-काळा मळ आलेले कान माझ्याकडे रोज येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या खिशात इअरफोन असतो. आंघोळीनंतर कान कोरडे होईपर्यंत थांबावे. कानात तेल घालण्याची घरगुती सवय तर सोडूनच द्यावी. तेलकट कानात रबरी टोपी म्हणजे बुरशीला आमंत्रण. टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. नळीच्या तोंडाशी बारीक जाळी असते, तिच्यात मळ अडकला की त्या बाजूचा आवाज बसतो आणि आपण नवा इअरफोन घ्यायला निघतो; आधी कोरड्या मऊ ब्रशने, जाळी खाली धरून, झटकून पाहा. एकाचा इअरफोन दुसऱ्याने घालू नये. ज्यांच्या कानाच्या पडद्याला छिद्र आहे किंवा कान वाहतो त्यांनी नळीत जाणारा कोणताही इअरफोन वापरू नये.

पत्रलेखिका भगिनींना उत्तर : पाचशे ते हजार रुपयांत पुरेसा चांगला इअरफोन मिळतो. तीन मापांच्या टोप्या आहेत की नाहीत ते पाहा, असल्यास बोलण्यासाठी माइकही पाहा, नव्या मोबाइलला गोल भोक नसते म्हणून जोडणी कोणती लागते तेही आधी पाहा. मोडण्याचे कारण बहुधा वायरीचा सांधा; वायर सुटी करता येणारा घेतलात तर पुढच्या वेळी फक्त वायर बदलावी लागेल. आणि घेताना मुलाला बरोबर न्या. कान त्याचा आहे.

तो २२ वर्षांचा मुलगा दोन महिन्यांनी पुन्हा आला होता. टोप्या बदलल्या आहेत, अभ्यासिकेत पंख्यापासून दूरची जागा घेतली आहे, तासाला दहा मिनिटे कान मोकळे ठेवतो. रातकिडे आहेत, पण आता झोप लागते म्हणाला. आलेख पुन्हा काढला. खड्डा होता तिथेच आहे. खोल झालेला नाही. ‘भरून येईल का, सर?’ त्याने विचारले. आतल्या कानाच्या शंखात सूक्ष्म केशपेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. मी त्याला तसेच सांगितले. पक्ष्यांत त्या पुन्हा उगवतात हेही सांगितले, तेव्हा तो जरा हसला.

शेवटी एक खुलासा. २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी, विमानातून उतरल्यावर आपल्याला अचानक ऐकू येईनासे झाले, असे जाहीर केले तेव्हापासून अनेक जण ‘हेडफोनने असे होते का’ म्हणून विचारतात. त्यांनी स्वतः डॉक्टरांचे निदान सांगितले होते ते विषाणूच्या हल्ल्याचे. मोठे संगीत आणि हेडफोन यांबद्दल त्यांनी चाहत्यांना सावध केले ती गोष्ट वेगळी. इअरफोनचे नुकसान हळूहळू, वर्षानुवर्षे होते. पण एका कानाचे ऐकणे एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत गेले, तर ‘मळ असेल, सर्दी असेल’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडते, महिन्याने आलेल्या रुग्णासाठी आमच्या हातात फारसे काही उरत नाही.

पुढील आठवड्यात : कानातला मळ काढावा की राहू द्यावा?